इफ्तारच्या ताटातला न दिसणारा कर

असरची नमाज झाली की बारामतीतल्या हातगाड्यांवर कढया तापू लागतात. भजी, समोसे, कबाब, कापलेली फळं, शरबत. मगरिबच्या अजानपर्यंतच्या दीड-दोन तासांतच दिवसाचा धंदा उरकायचा असतो, कारण रमजानमध्ये दुपारचं गिऱ्हाईक जवळजवळ नसतंच. 2025 मध्ये 2 मार्चला पहिला रोजा झाला. तेव्हापासून एक तक्रार कानावर येते : भाव तोच, पण भजी लहान झाली.

भजी का लहान झाली, हे कढईतल्या तेलाला विचारावं. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. हेतू सोयाबीन उत्पादक शेतकऱ्याला भाव मिळावा हा होता. पण आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. त्यामुळे शुल्काचा भार गाडीवाल्याच्या डब्यापर्यंत आला. भिगवणला उजनीचा मासा तळून देणाऱ्या हॉटेलांचंही हेच दुखणं.

दुसरा खर्च गॅसचा. घरच्या सिलिंडरवर जीएसटी 5 टक्के, तर 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के. मार्च 2025 मध्ये एका टाकीमागे अडीचशे रुपयांहून जास्त कर जात होता. मोठा कारखानदार असा कर आपल्या देण्यातून वजा करून घेतो. हॉटेलवाल्याला ती सोय नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये उपाहारगृहांचा कर 5 टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर ही वजावटही गेली.

छोट्याची अडचण आणखी वेगळी आहे. रोजचा गल्ला साडेपाच हजारांच्या पुढे गेला की वर्षाची उलाढाल 20 लाखांवर जाते आणि नोंदणी करावी लागते. हिशेबाची कटकट नको म्हणून बरेच जण कंपोझिशन योजना घेतात. तिथे विक्रीवर 5 टक्के भरायचे, पण गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक रुपयाही वेगळा घ्यायचा नाही. आठ हजारांचा गल्ला झाला तर चारशे रुपये सरळ खिशातून. नफा असो वा नसो.

इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या लॉजचंही तसंच होतं. 18 जुलै 2022 पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर नव्हता. त्या दिवसापासून 12 टक्के लागला. सप्टेंबर 2025 पर्यंत नोंदणी असलेल्या लॉजमधली आठशेची खोली आठशे शहाण्णवला पडायची. रात्री उतरणारा ट्रकवाला किंवा फिरता विक्रेता ते शहाण्णव रुपये द्यायला तयार नसायचा. मग मालक भाडंच कमी करायचा. बारामतीत विद्यार्थ्यांना डबा देणाऱ्या खाणावळींना तर महिन्याचा दर ठरलेला असतो. मध्येच तेल महागलं, तर तो तोटा त्यांनीच सोसायचा.

अशा वेळी माप कमी करण्याचा मोह होतो. मापात मारणाऱ्यांना कुरआनने सख्त ताकीद दिली आहे. ‘मुतफ्फिफीन’ ही सूरह त्यांच्याच नावाने आहे. पण वजन पुरं हवं असेल, तर भावही पुरा द्यायला हवा. भजी लहान करण्यापेक्षा फळ्यावर नवा भाव लिहिणं सचोटीचं, आणि तो घासाघीस न करता देणं हे आपलं काम. इफ्तार पार्टीची ऑर्डर देणाऱ्यांनी निम्मी रक्कम आधी द्यावी. ईदनंतरच्या उधारीवर तेल मिळत नाही.

सरकारकडे मागणीही साधी आहे. कंपोझिशनमधल्या छोट्या उपाहारगृहांना गॅसवर घरगुती सिलिंडरइतकाच कर लावा. पाच टक्के कर भरणाऱ्याकडून चुलीवर अठरा टक्के घेणं कुठल्या हिशेबात बसतं?