केनेल कफ : घरी काय करायचं आणि कधी थांबून राहायचं नाही

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने कुत्र्याच्या खोकल्यावर व्याख्यान द्यायचं म्हणजे जरा अतीच झालं, असं आमच्या घरातही मत आहे. (हशा) पण मागच्या वेळी कार्यकारणभावाबद्दल बोलताना मी आमच्या भुऱ्याचं उदाहरण ओझरतं दिलं, आणि नंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कार्यकारणभाव सोडून भुऱ्याचीच चौकशी केली. तेव्हा आज भुऱ्या. मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. जे बोलणार आहे ते काही आमच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं, काही वाचलेलं, आणि काही स्वतः चुकून शिकलेलं आहे.

भुऱ्या गावठी आहे, पाच वर्षांचा, अठरा किलोचा. दिवाळीत आम्ही मुलीकडे गेलो, तेव्हा चार दिवस त्याला बोर्डिंगला ठेवलं होतं. परत आणला तेव्हा ठणठणीत होता. आठवड्याने एका पहाटे विचित्र आवाजाने जाग आली. जुन्या सायकलला रबरी भोंगा असायचा ना, तो कोणी दाबतंय असा. कोरडा, घोगरा खोकला, लागोपाठ पाचसहा वेळा, आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करून थोडासा पांढरा फेस. आमची ही म्हणाली, "अहो, याच्या घशात हाड अडकलंय." असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून पहिली गोष्ट : घशात बोटं घालायला जाऊ नका. हाड खरंच अडकलं असेल तर कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गळत राहते, गिळता येत नाही. तसं दिसलं तर सरळ दवाखाना. भुऱ्या मात्र खोकून झाल्यावर शेपूट हलवत नाश्त्याची वाट बघत बसला होता.

हा केनेल कफ. बरीच कुत्री एकत्र राहतात तिथे, म्हणजे बोर्डिंग, निवारागृह, डॉग शो अशा ठिकाणी तो पसरतो, म्हणून हे नाव. हा एका जंतूचा रोग नाही. पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस असे विषाणू आणि बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जिवाणू, कधी एकेकटे, बरेचदा मिळून श्वासनलिकेवर बसतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि चिकटा वर ढकलत असतात. बोर्डेटेला नेमका त्या तंतूंना चिकटतो आणि त्यांची हालचाल थांबवतो. झाडूच बंद पडला, की केर खोकूनच बाहेर काढावा लागणार.

आपल्याकडे लहान मुलांना डांग्या खोकला व्हायचा, त्याचा जंतू हा याचाच भाऊबंद. ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञाने सहकारी गेंगू याच्याबरोबर डांग्या खोकल्याचा जंतू १९०६ मध्ये वेगळा केला. बोर्देला पुढे १९१९ चं नोबेल मिळालं, ते मात्र दुसऱ्या कामासाठी. सगळ्या घराण्याला त्याचंच नाव आहे. कुत्र्यातला जंतू १९१० च्या सुमारास अमेरिकेत डेट्रॉइटला फेरी नावाच्या संशोधकाला सापडला, आणि गंमत बघा, त्याला वाटलं की डिस्टेंपर या कुत्र्यांच्या भयंकर रोगाचं कारण हेच. कारण डिस्टेंपर झालेल्या कुत्र्यांच्या श्वासनलिकेत हा जंतू असायचा! खरं कारण विषाणू होता, आणि कारे या फ्रेंच माणसाने ते १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं. बोर्डेटेला नुसता बरोबर आलेला पाहुणा. आपल्या नैयायिकांनी याला 'अन्यथासिद्ध' म्हटलं असतं. घडा घडवताना कुंभाराचं माती वाहणारं गाढव शेजारी उभं असतं, म्हणून काही ते घड्याचं कारण होत नाही.

हे गाढव मी आज मुद्दाम आणलंय. साधा केनेल कफ बहुतेक कुत्र्यांमध्ये एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यामुळे दहाव्या दिवशी तुम्ही जे काही पाजलं असेल त्याला यश येतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! कोणी हळद सांगतो, कोणी काढा, कोणी लवंग. आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी माणसांचं कफ सिरप सुचवलं. ते ठामपणे नको म्हणा. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं यकृत आणि रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडू शकतात, आयब्युप्रोफेनने जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात, आणि 'शुगर-फ्री' औषधात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. नाकाला बाम चोळणं, वाफेत निलगिरीचं तेल घालणं, कापूर हुंगवणं, हेही नाही. आपल्याला बरं वाटतं ते त्याला सोसतं असं नाही.

मग करायचं काय? आमच्या डॉक्टरीणबाईंचं पहिलं वाक्य होतं, "सर, आधी त्याचा पट्टा काढा." गळ्यातला पट्टा ओढला गेला की सुजलेली श्वासनलिका दाबली जाते आणि खोकल्याची उबळ येते. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. फिरणं फक्त शी-शूपुरतं. पळापळ, चेंडू, जिना, सगळं बंद. आमच्याकडे दाराची बेल वाजली की भुऱ्या भुंकायचा आणि लगेच खोकायचा. मी बेलच बंद करून टाकली आणि दारावर चिठ्ठी लावली : 'कृपया फोन करा.' पेपरवाला काळजीत पडला, सरांना काय झालं म्हणून. (हशा)

दुसरं, धूर. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, सिगरेट, फोडणीचा ठसका, या सगळ्यापासून त्याला लांब ठेवा. देवघरातली उदबत्ती बंद करायला आमच्या घरी दोन दिवस वाटाघाटी कराव्या लागल्या. शेवटी देवाला निरांजन आणि फुलं चालतात असं ठरलं.

वाफेने आराम पडतो, पण पातेल्यावर तोंड धरून, टॉवेल पांघरून नव्हे. भाजेल आणि घाबरेल. बाथरूमचं दार लावायचं, गरम पाण्याचा शॉवर सोडायचा, आणि शॉवरपासून दूर आपण त्याच्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून एकदोनदा. मी स्टूल घेऊन बसायचो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र कोंदट उष्णतेत धाप लागते. त्यांच्या बाबतीत हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि खोकला सुरू झाल्याबरोबर दाखवा.

खाणं मऊ आणि कोमट. कोरडे दाणे घशाला टोचतात, ते पाण्यात भिजवा, किंवा गुरगुट्या भात आणि चिकनचं पाणी द्या. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, ते कुत्र्याला विषारी. पाणी भरपूर. कोमट पाण्यातून अर्धा-एक चमचा मध चालतो. घसा जरा निवतो, एवढंच. ते औषध नव्हे. मधुमेही कुत्र्याला आणि छोट्या पिल्लाला मध देऊ नका.

आणि अँटिबायोटिक? कुत्रा खातोय, खेळू बघतोय, ताप नाही, तर बरेच डॉक्टर लगेच देत नाहीत. तेव्हा "काहीतरी लिहून द्या हो" असा आग्रह धरू नये. दिलं, तर सांगितलेले दिवस पूर्ण करावं. मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच.

आता जे सांगायला आलो ते. भुऱ्याच्या आधी आमच्याकडे राणी होती, पांढरी पॉमेरेनियन. तिला लहानपणी एकदा केनेल कफ झाला आणि बाराव्या दिवशी गेला. ती अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा खोकायला लागली, बहुतेक रात्री. मी म्हटलं, हा आपल्या ओळखीचा खोकला, जाईल. मध दिला, वाफ दिली. तीन आठवडे थांबलो. आयुष्यभर मुलांना शिकवलं, की धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असं म्हणण्याआधी तो धूरच आहे ना, धुकं नाही ना, हे बघा. आणि घरात मी धुकं बघून खुशाल अनुमान करून बसलो होतो. ती बोर्डिंगला गेली नव्हती, कुठल्या कुत्र्याला भेटली नव्हती, हे मला माहीत होतं. मी ते विचारात घेतलं नाही. हृदयाची झडप गळत होती आणि फुफ्फुसात पाणी साठलं होतं. औषधांवर ती पुढे सात महिने राहिली. ते तीन आठवडे तिला दम लागत होता, हे मला आता कळतं.

म्हणून भुऱ्याच्या वेळी मी वही केली. कुत्रा गाढ झोपला की छाती वर-खाली होते तो एक श्वास. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. निरोगी कुत्र्याचे तिशीच्या आत असतात. रोज रात्री मोजायचे आणि लिहायचे. भुऱ्याचे अठरा, वीस, एकोणीस. आकडा चढत चालला, किंवा तिशीच्या वर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर. खाणं सोडलं, मलूल झाला, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला, खोकला ओला झाला, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, तरी तेच. (नाक कोरडं आहे का बघून ताप कळत नाही, थर्मामीटर लागतो.) हिरड्या निळसर दिसल्या किंवा श्वासाला पोट ओढायला लागलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पिल्लू, म्हातारा कुत्रा, गाभण कुत्री, आधीच हृदयाचा आजार असलेला, यांच्यासाठी वही नाही, पहिल्याच दिवशी दवाखाना. लस न झालेल्या पिल्लाचं तर विशेष, कारण डिस्टेंपरची सुरुवातही खोकल्याने आणि डोळ्या-नाकातल्या चिकट पाण्याने होऊ शकते.

जाण्याआधी फोन करून "खोकणारा कुत्रा आणतोय" असं सांगा, आणि बोलावेपर्यंत त्याला बाहेर किंवा गाडीतच ठेवा. दहा कुत्री बसलेल्या खोलीत त्याला नेऊ नका. खोकला सुरू झाल्यापासून निदान दोन आठवडे इतर कुत्र्यांना भेटू देऊ नका. बरा दिसला तरी जंतू त्यानंतरही काही काळ बाहेर पडत राहतात. आमच्या गल्लीतल्या चार भटक्या कुत्र्यांना मी रोज बिस्किटं घालतो. त्या दिवसांत हात धुऊन, शर्ट बदलून जायचो. त्यांना कोण बाथरूममध्ये घेऊन बसणार?

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, लस घेतली असती तर झालाच नसता ना?) होऊ शकला असता. पण बहुधा सौम्य. नेहमीच्या एकत्रित लसीत पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनोव्हायरसविरुद्धचा भाग असतो, बोर्डेटेलाची लस वेगळी, ती नाकात थेंब घालूनही देतात. जंतू आणि विषाणूंचे प्रकार इतके, की सगळ्यांना पुरेल अशी लस नाही. पण बोर्डिंगला ठेवणार असाल तर घ्या, आणि आदल्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी, कारण अंगात ताकद यायला वेळ लागतो. भुऱ्याची बोर्डेटेलाची राहिली होती. यंदा गणपती झाल्याबरोबर देऊन टाकली. नाकात थेंब पडल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरच शिंक दिली.