आमच्यामागे याचे कोण?

दिलसुखनगरातील एका वृद्ध मातेने आम्हांस हा प्रश्न केला. बौद्धिक अक्षमता असलेला तिचा पुत्र आता चाळिशीचा आहे. याच महानगरात, सिकंदराबादेस, १९८४ साली अशा व्यक्तींसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु प्रशिक्षण म्हणजे घर नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्थानिक समिती अशा प्रौढास पालक नेमून देऊ शकते. परंतु पालक म्हणजेही घर नव्हे.

साहाय्ययुक्त निवासात थोडी माणसे एकत्र राहतात. ज्यास जे साधते ते तो स्वतः करतो. औषध, हिशेब, प्रवास यांत लागेल तेवढाच हात मदतनीस देतो. बंगलोरचे आशा निकेतन १९७० साली याच विचाराने सुरू झाले. ते ज्या ‘लार्श’ चळवळीचे, तिचे संस्थापक झाँ व्हानिए यांनी स्त्रियांचे शोषण केल्याचे २०२० साली त्या संस्थेनेच उघड केले. तेव्हा दुर्बलांच्या घरास संतपुरुषाहून जागरूक देखरेख अधिक हवी, हा बोध आपण घ्यावा.

क्रुसावरून प्रभूने आपली माता शिष्याच्या स्वाधीन केली. तिला केवळ सांत्वन नव्हे, घर मिळाले. मंडळीने त्या वृद्ध मातेस याहून उणे उत्तर कसे द्यावे?