बाळबोध वळणाची संगणकभाषा

जुन्या घरातल्या पेटीत कधीकधी मोडी लिपीतला एखादा कागद सापडतो. कागद आपल्या पणजोबांचा, जमीन आपली, भाषाही मराठीच. पण वाचता येत नाही. मग मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो आणि तो सांगेल ते खरे मानावे लागते. मोडी वाईट होती म्हणून असे झाले नाही. हात न उचलता झरझर लिहिता येईल, अशी ती लिपी. तिने लिहिणाऱ्याची सोय पाहिली. बाळबोध लिपीने, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीने, वाचणाऱ्याची सोय पाहिली.

श्रोतेहो, संगणकाच्या भाषांमध्येही असाच फरक असतो. आज ज्या भाषेची मी ओळख करून देणार आहे, ती पायथन, बाळबोध वळणाची आहे. निफाडमध्ये मी मुलांना संगणक शिकवतो. त्यांतली बरीच मुले द्राक्ष आणि कांद्याच्या घरांतली असतात. ‘सर, आमचं इंग्रजी कच्चं आहे, आम्हाला प्रोग्रॅमिंग जमेल का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर समजा.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. संगणकाला स्वतःची अक्कल नसते; सांगितले तेवढेच आणि सांगितले तसेच तो करतो. या सूचना ज्या ठरावीक नियमांनी लिहायच्या, ती संगणकभाषा. अशा भाषा शेकड्यांनी आहेत. पायथनचा जन्म नेदरलँड्समधला. ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो फान रोसुम या तरुणाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती रचायला घेतली आणि १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. नावाचा अजगराशी संबंध नाही. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी दूरदर्शन कार्यक्रमावरून त्याने ते गमतीने घेतले. त्याच संस्थेत त्याआधी नवशिक्यांसाठी ‘एबीसी’ नावाची भाषा तयार झाली होती. तिच्यातल्या चांगल्या गोष्टी त्याने उचलल्या. त्याचे म्हणणे साधे होते: प्रोग्रॅम लिहिला जातो एकदा, पण वाचला जातो अनेकदा. मग वाचणाऱ्याचा विचार आधी का करू नये?

आता एक प्रोग्रॅम वाचूनच दाखवतो. हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरला, हे आपण बातम्यांत ऐकतो. थंडी फार वाढली की द्राक्षाचे मणी तडकण्याची भीती असते, म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. समजा, आठ अंशांच्या खाली पारा गेला तर आपल्याला इशारा हवा आहे. तो असा लिहावा लागेल:

नोंदी = [९.५, ७.२, ६.८, १०.१]
फॉर तापमान इन नोंदी:
    इफ तापमान < ८:
        प्रिंट("बागेत शेकोटी करा")

पहिल्या ओळीत चार दिवसांच्या नोंदी आहेत. दुसरी म्हणते, या नोंदींमधले एकेक तापमान घे. तिसरी म्हणते, ते आठपेक्षा कमी असेल तर. चौथी म्हणते, हा निरोप दाखव. चारपैकी दोन दिवस आठच्या खाली आहेत, म्हणून निरोप दोनदा येईल. रेडिओवर नुसते ऐकूनही समजावा, इतका हा प्रोग्रॅम सरळ आहे. ऐकताना एकच गोष्ट निसटते, ती छापील पानावर दिसते. तिसरी आणि चौथी ओळ थोडी आत सरकवून लिहिली आहे. कोणती सूचना कोणत्या सूचनेच्या पोटात आहे, हे पायथन त्या मोकळ्या जागेवरून ओळखते. इतर अनेक भाषांत त्यासाठी महिरपी कंस वापरतात. इथे नीटनेटकेपणा हाच व्याकरणाचा नियम आहे. समास चुकला की पायथन बऱ्याचदा तिथेच अडते.

आता इंग्रजीचे. वरच्या प्रोग्रॅममधले फॉर, इन, इफ आणि प्रिंट हे चार शब्द संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाईप करावे लागतात, आकडेही इंग्रजी. पण ‘नोंदी’ आणि ‘तापमान’ ही आपण ठेवलेली नावे आहेत. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हापासून अशी नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. इतकेच नव्हे, प्रोग्रॅम वापरणाऱ्याने उत्तर म्हणून ‘२५’ असे देवनागरीत लिहिले, तरी पायथनला त्याची संख्या करता येते. भाषेचे राखीव शब्द चाळिसाच्याही आत आहेत. तेवढे इंग्रजी आपल्या मुलांना सहज पेलते.

पण वाचता येणे एवढे महत्त्वाचे का? कांद्याचे उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने लासलगावला तीन खेपा विकल्या: ३० क्विंटल १२०० रुपयांनी, २० क्विंटल १५०० रुपयांनी आणि ५ क्विंटल २१०० रुपयांनी. त्याला सरासरी भाव काढून देणारा प्रोग्रॅम असा आहे:

सरासरी = (१२०० + १५०० + २१००) / ३

उत्तर येते १६००. संगणकाने काढले म्हणजे बरोबरच असणार, असे आपण धरून चालतो. पण ही ओळ पुन्हा वाचा. तिच्यात क्विंटल कुठे आहेत? हातात पडले ७६,५०० रुपये, माल होता ५५ क्विंटल. म्हणजे खरी सरासरी सुमारे १३९१ रुपये. क्विंटलमागे दोनशे नऊ रुपयांचा फरक. १६०० धरून पुढच्या हंगामाचा खर्च ठरवला, तर तेवढ्याच मालावर साडेअकरा हजारांचे गणित चुकते. बेरीज-भागाकार बिनचूक आहे, चुकला आहे तो विचार. आणि तो पकडायला इंजिनिअर लागत नाही. कांदा विकलेला आणि ती ओळ वाचता येणारा माणूस पुरतो.

आजकाल तर संगणकालाच मराठीत सांगून प्रोग्रॅम लिहून घेता येतो. मुले विचारतात, मग शिकायचे कशाला? लिहून देणारा मिळाला, म्हणूनच वाचणे जास्त गरजेचे झाले, असे मी सांगतो. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आपण सगळे ऐकून आहोत. कागद ज्याच्या नावाने निघतो, त्याला तो वाचता आला पाहिजे.

पायथनची दुसरी श्रीमंती म्हणजे तिच्याभोवती जमलेली माणसे. ही भाषा फुकट आहे आणि तिचा गाभाही सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. तिची देखभाल करणारी ना-नफा संस्था २००१ पासून काम करते. भाषेत बदल हवा असेल, तर कुणीही लेखी प्रस्ताव मांडू शकतो. त्यावर उघड चर्चा होते. फान रोसुम यांनी २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार स्वतःहून सोडला आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ तो कारभार पाहते. भारतातल्या पायथनप्रेमींचे राष्ट्रीय संमेलन २००९ मध्ये बंगळुरूला सुरू झाले आणि २०११ मध्ये ते पुण्यात भरले. अशा संमेलनांत विद्यार्थी आणि जाणकार एकाच बाकावर बसतात.

आपल्या मुंबईच्या आयआयटीचा वाटाही मोठा आहे. तिथल्या एअरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनमध्ये ‘मायावी’ हे त्रिमितीय चित्रे काढणारे साधन तयार केले. ते जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. तिथल्याच प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ मिळतात. पडद्यावर मूळ इंग्रजी सॉफ्टवेअर आणि कानावर भारतीय भाषांतले, मराठीतलेही, निवेदन. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे आणि स्वतः करून पाहायचे, ही त्यांची पद्धत. एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी ती फार उपयोगी आहे.

पायथनच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सी भाषेच्या तुलनेत ती संथ आहे. मोबाईलवरची ॲप्स सहसा इतर भाषांत लिहितात. आणि ही भाषा आली म्हणजे नोकरी ठेवलेलीच आहे, असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून जरा जपून राहा. जुने पुस्तक विकत घेतानाही पाहून घ्या. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे, त्यामुळे तिच्यावरच्या पुस्तकांतली बरीच उदाहरणे आज चालत नाहीत.

सुरुवात घरच्या हिशेबापासून करा. दुधाचे माप, विजेचे बिल, फवारणीचा खर्च, काहीही चालेल. उत्तर आधी वहीत काढा, मग प्रोग्रॅममधून काढा आणि दोन्ही ताडून पाहा. जुळले नाही, तर प्रोग्रॅम मोठ्याने वाचा आणि शेजारी घरातले एखादे वडीलधारे माणूस बसवा. त्यांना संगणक येत नसेल, पण हिशेब येतो. ‘यात क्विंटल कुठे आहेत?’ हा प्रश्न बहुधा तेच आधी विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)