मालवणचे पाणी, हाउन्सलोची सुटी

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर ख्रिसमसच्या सुटीतले फोटोही हातोहात फिरतात. पूर्वी त्यांत लग्ने, मुंजी आणि अष्टविनायक असत. हल्ली निळे पाणी जास्त दिसते. कोणी मालदीवला, कोणी फुकेतला, तर कोणी मॉरिशसला गेलेले असते. होडीतून या बेटावरून त्या बेटावर जायचे, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून पाण्यात शिरायचे आणि मासे पाहून परत यायचे, असा एकंदर कार्यक्रम. त्यातल्या अनेकांची वडिलोपार्जित घरे सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो: मुलांना आजोळी न्यायचेच आहे, तर हे सगळे मालवणला होणार नाही का?

होते, आणि बऱ्यापैकी होते. पण हाउन्सलोत बसून बेत आखणाऱ्या कुटुंबाला दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे समुद्राचे स्वतःचे कॅलेंडर, आणि दुसरी आपल्या शरीराचे काही नियम, जे विमानाच्या तिकिटावर छापलेले नसतात.

आधी कॅलेंडर. आपल्या मुलांना मोठी सुटी मिळते ती जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत. नेमक्या त्याच काळात कोकणचा समुद्र पर्यटकांसाठी बंद असतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले सारे खेळ थांबतात. यांत्रिक मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या लोटतात, तरी पाणी नितळ व्हायला ऑक्टोबर उजाडतो. ‘सहा आठवडे मोकळे आहेत, मालवणला जाऊन डायव्हिंग करू’ हा बेत त्यामुळे मुळातच बाद होतो.

उरतात त्या ऑक्टोबर आणि फेब्रुवारीतल्या एकेका आठवड्याच्या सुट्या, ख्रिसमसचे दोन आठवडे आणि ईस्टर. पाणी सर्वांत चांगले असते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ख्रिसमसला मात्र निम्मा महाराष्ट्र तारकर्लीला लोटतो, खोल्यांचे भाव चढतात आणि धक्क्यावर रांग लागते. माझे मत विचाराल तर फेब्रुवारीचा आठवडा उत्तम. तो पुरत नाही म्हणून पुढेमागे चार दिवस शाळा बुडवायचा मोह होतो, पण ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडात विनापरवानगी रजेचा दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड झाला आहे, आणि २१ दिवसांत न भरल्यास १६०. दोन मुलांच्या घराने हिशेब आधीच करावा.

आता तिथे आहे काय? पहिले बेट अर्थात कुरटे, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी त्याचे काम सुरू केले, ते सुमारे तीन वर्षे चालले. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात खडकांची इतकी दाटी आहे की वाट ठाऊक नसलेले जहाज तिथे फुटलेच म्हणून समजा. जागा निवडली त्यामागे हे एक कारण होते. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुलांना तटबंदीपेक्षा त्याचेच अप्रूप जास्त वाटते. ज्या खडकांनी शत्रूला थोपवले, त्यांच्यावरच आज प्रवाळ वाढतो आणि डायव्हरना बहुतेक वेळा त्यांच्याच आसपास उतरवतात.

दक्षिणेला कर्ली नदीच्या मुखाशी देवबाग आहे. तिथला वाळूचा उंचवटा ‘त्सुनामी बेट’ म्हणून ओळखला जातो, कारण २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक सांगतात. आणखी खाली निवतीचे खडक आणि वेंगुर्ल्यासमोरचे दीपगृहाचे बेट आहे. निवतीजवळ ‘आयएनएस गुलदार’ हे नौदलाचे २०२४ मध्ये निवृत्त झालेले जहाज तळाला बसवून डायव्हरसाठी आकर्षण करण्याची योजना राज्य सरकारने आखली. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळाचे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे हे पठार पूर्ण पाण्याखाली असल्यामुळे तिथे उतरायला बेटच नाही. तो सुटीतल्या होडीचा प्रांत नव्हे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मालवणचे पाणी मालदीवसारखे नाही. मालदीवमध्ये वीस-पंचवीस मीटरपर्यंत सहज दिसते. इथे नद्यांचा गाळ येतो, म्हणून चांगल्या दिवशीही दृष्टी काही मीटरांतच संपते. त्यामुळे कुठल्या दिवशी जायचे याला महत्त्व येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, प्रवाह जोरात वाहतात आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी हलते आणि जास्त दिसते. मुंबईच्या किनाऱ्यावर तर तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: प्रतिपदेला पाऊण वाजता, अष्टमीला सहा वाजता. मालवणला ती थोडी आधी येते. तेव्हा स्वयंपाकघरात टांगलेले पंचांग डायव्हिंगलाही उपयोगी पडते, एरवी ते चतुर्थीपुरतेच उघडले जात असले तरी.

मालवण-तारकर्लीला जे ‘स्कूबा’ म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा चाचणीचे उतरणे असते. शिक्षक पाठीमागून धरून काही मीटर खाली नेतो, दहा-पंधरा मिनिटे मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. पोहता येण्याची अटही बहुधा नसते. शिक्षक मराठीत, म्हणजे खरे तर मालवणीत, सगळे समजावतो. बँकॉकच्या होडीवर इंग्रजी सूचना ऐकून नुसती मान डोलावणाऱ्या आपल्या आईवडिलांसाठी ही सोय लहान नाही. खुणांबाबत मात्र सावध राहावे. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान चालले आहे’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो ही समजूत सार्वत्रिक आहे. त्यात असते दाबून भरलेली साधी हवा, म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन. खाली गेल्यावर जे काही होते ते या हवेचे आणि दाबाचे गणित आहे. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, दहा मीटरवर तो दोन वातावरण होतो. याचे परिणाम तीन ठिकाणी जाणवतात.

पहिले ठिकाण कान. पडद्यावर बाहेरून दाब येतो, तो नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून आतून सारखा करावा लागतो. हे पहिल्या मीटरपासून करायचे, दुखायला लागल्यावर नव्हे. डिसेंबरात लंडनची सर्दी घेऊन उतरलेल्या माणसाला हे जमत नाही, कारण नाकाकडची नळी सुजलेली असते. औषधाने नाक मोकळे करून उतरले आणि खाली असताना औषधाचा परिणाम ओसरला, तर वर येताना त्रास होतो. सर्दी असेल त्या दिवशी किल्ला पाहावा, हे बरे.

दुसरे ठिकाण फुप्फुसे. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि त्यासाठी फार खोलीही लागत नाही. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. पोहताना नेमकी उलट सवय लागलेली असते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे मुद्दाम शिकावे लागते.

तिसरी गोष्ट नायट्रोजन, आणि आपल्या कुटुंबांचा बेत बहुधा इथेच चुकतो. दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. सावकाश वर आलो की तो श्वासावाटे निघून जातो, पण लगेच नाही, त्याला काही तास लागतात. तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, क्वचित पक्षाघातापर्यंत मजल जाते. यावर उपाय म्हणजे दाबकक्षातला उपचार. मुंबईत त्याची सोय कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’त आहे. मालवणहून ते अंतर किती, हे वेगळे सांगायला नको.

दाब कमी होतो तो विमानात. आपल्या घरांवरून दर दीड-दोन मिनिटांनी चाके सोडून हीथ्रोकडे उतरणारे विमान थोड्या वेळापूर्वी दहा-अकरा हजार मीटर उंचीवर होते. आतला दाब राखलेला असला तरी तो सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरमाथ्याइतका असतो. म्हणून जगभरच्या डायव्हिंग संस्थांचा दंडक असा: एकच साधे उतरणे झाले असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकाहून जास्त वेळा किंवा सलग काही दिवस उतरला असाल तर किमान १८ तास. २४ ठेवले तर अधिकच चांगले.

आपली रीत काय असते? आधी पुणे, मग कोल्हापूर, लग्न, खरेदी, देवदर्शन आणि शेवटी दोन दिवस समुद्र. सकाळी डायव्हिंग, दुपारी मोपा, रात्री मुंबई, पहाटे लंडनचे विमान. हा क्रम उलटा करावा. आधी समुद्र, मग नातेवाईक. सासूबाईंना हे पटवणे डायव्हिंगपेक्षा अवघड जाईल, पण कारण खरे आहे.

रस्त्यानेही हीच काळजी घ्यावी लागते. मालवणहून वर जायचे तर घाट चढावाच लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर, म्हणजे दोन हजार फुटांवर आहे आणि उंचीबाबतच्या सूचना साधारण तिथूनच लागू होतात. सकाळी दोनदा उतरून दुपारी आंबोलीमार्गे आजोळी निघायचे नाही. एक रात्र मालवणात काढावी आणि सोलकढी प्यावी.

कोणी उतरू नये, हाही प्रश्न आहे. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचे प्रमाण इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, हे आपल्याला दवाखान्यात नेहमी ऐकवले जाते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत, विशेषतः चाळिशीनंतर, हृदयाचा वाटा मोठा असतो. पाण्यात शिरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर भार पडतो. रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसात पाण्याखाली असतानाच पाणी साचण्याची उदाहरणे आहेत. आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाने तेवीस वर्षांच्या मुलाच्या आग्रहाखातर थेट होडीवरून उडी टाकू नये. किनाऱ्यावर एक आरोग्याचा फॉर्म देतात. दमा, मधुमेह, रक्तदाब यांपुढे ‘हो’ लिहिले तर डॉक्टरांची सही लागते, म्हणून लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. खोट्या उत्तरामुळे विमाही हातचा जाऊ शकतो. आपला जीपी अशी सही बहुधा देत नाही किंवा तिचे पैसे घेतो, पण यूके डायव्हिंग मेडिकल कमिटीकडे या विषयातल्या डॉक्टरांची यादी असते. हे काम निघण्याच्या दोन महिने आधीचे. प्रवास विम्यातली खोलीची मर्यादाही तेव्हाच वाचून घ्यावी.

मुलांचे सोपे असते. इथल्या प्राथमिक शाळेत २५ मीटर पोहणे अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे ज्या घरात आईवडिलांना तरंगताही येत नाही तिथेही मुले पाण्यात निर्धास्त असतात. दहाव्या वर्षापासून रीतसर शिकता येते. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब १९५३ पासून आहे, त्याच्या शाखा गावोगावच्या तलावांत संध्याकाळी सराव घेतात. आपल्या जवळ रेझबरीच्या जुन्या खडीच्या खाणीतल्या तळ्यात वर्षानुवर्षे डायव्हर उतरत आले आहेत, गार आणि हिरव्या पाण्यात. काही अभ्यासक्रमांत पुस्तकी भाग आणि तलावातला सराव इथे उरकून समुद्रातली चार उतरणी परदेशात करता येतात. सुटीचे दिवस त्यामुळे वर्गात जात नाहीत.

होडीबद्दल मात्र कोणाचीही भीड बाळगू नये. २४ मे २०२२ रोजी, हंगामाच्या अगदी शेवटी, तारकर्लीजवळ डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे महिन्यात दुपारी वारा चढतो, म्हणून सकाळचीच फेरी घ्यावी. लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर हवे, आणि मुलाला त्याच्या मापाचे. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नये. ‘आम्ही लंडनहून आलोत’ हे त्या वेळी कारण होत नाही.

त्या तांडेलाचीही एक बाजू आहे. १९८७ मध्ये मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा मच्छीमारांनी जोरदार विरोध केला. मासेमारीच बंद होईल अशी त्यांना भीती होती. एकीकडे ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांनी त्यांचा मासा पळवला, दुसरीकडे अभयारण्याचा फलक लागला. आज ज्या घरातले आजोबा रापण ओढत होते त्यातलाच नातू कदाचित तुमच्या पाठीमागे नळकांडे धरून असेल. त्याची कमाई खडकावरच्या प्रवाळावर अवलंबून आहे, आणि तापलेल्या समुद्राने प्रवाळ पांढरा पडणे किती वेगाने होते हे लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पाहिले आहे. आपल्या हातात एवढेच असते की नांगर खडकावर न टाकता वाळूत टाकायला सांगावे, प्रवाळावर पाय ठेवू नये आणि फोटोसाठी माशांना पाव घालू नये.

आणि किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा मुलाच्या खिशात राहू देऊ नये. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे, आणि परवान्याशिवाय आणलेला तुकडा हीथ्रोवर जप्त होऊ शकतो.