जुन्या दुचाकींचा व्यापार : भांडवल थोडे, कागद फार

पिढीजात कापडाच्या किंवा भुसारीच्या एका पेढीवर आता दोन भावांचे संसार सहज चालत नाहीत, हे बहुतेक व्यापारी घरांच्या ध्यानी आले आहे. थोरला गल्ल्यावर बसतो. धाकट्यासाठी वेगळे काही पाहावे लागते. मोठी एजन्सी घ्यावी तर अनामत रक्कम, शोरूम आणि नोकरवर्ग यांतच घरची पुंजी अडकते. अशा वेळी जुन्या, कमी ताकदीच्या दुचाकी विकत घेऊन, त्या दुरुस्त करून नवशिक्या चालकांना विकण्याचा व्यवसाय तरुणांना खुणावतो. वडीलधाऱ्यांना मात्र तो ‘गॅरेजवाल्याचा धंदा’ वाटतो. हा ग्रह तितकासा योग्य नाही. हाताला काळे लागणे हा या धंद्याचा किरकोळ भाग आहे. मुख्य भाग खरेदीचा, फिरतीचा आणि कागदपत्रांचा आहे, आणि तो व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही.

परवाना राजवटीच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. हाती आलेली नवी स्कूटर लगेच विकली तरी मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि शंभर सीसीची मोटारसायकल मध्यमवर्गीय घराची गरज होऊन बसली. आज टंचाई नाही. पण नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत नोंदणी, कर व विमा धरून जो खर्च होतो, तो पहिली नोकरी धरणाऱ्या मुलाला किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या वडिलांना जड जातो. शिवाय शिकताना गाडी पडणार, इंडिकेटर फुटणार, लिव्हर वाकणार, हे घरात सर्वांना ठाऊक असते. म्हणून पहिली गाडी जुनीच घ्यावी, हा विचार व्यवहारी ठरतो.

नवशिक्यासाठी गाडी कोणती, याविषयी विक्रेत्याचे मत पक्के असले पाहिजे. स्प्लेंडरसारख्या गाडीचे इंजिन ९७.२ सीसीचे आणि ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. वजन ११२ किलोच्या आसपास. अशी गाडी कललीच तर साधारण प्रकृतीचा माणूस ती सावरू शकतो. दोनशे सीसीच्या गाडीचे तसे नसते. तरुण ग्राहकाची नजर मात्र नेमकी तिच्यावरच खिळते आणि विक्रेत्यालाही तिच्यात दोन पैसे अधिक दिसतात. हा मोह टाळलेला बरा. भारी गाडी विकायला वेळ लागतो, तिचे सुटे भाग महाग असतात आणि तिच्या मागील मालकाने ती जपून चालवली असण्याची शक्यता कमी. छोट्या मोटारसायकली आणि विनागियर स्कूटर यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. नवशिक्यासाठी तीच गाडी शोधावी.

गाडी पारखण्याचे काम सुरुवातीला अनुभवी मिस्त्रीकडे द्यावे. निळसर धूर, वाजणारी चेन, हँडल एका बाजूला ओढणे, क्लच उशिरा सुटणे, हे दोष तो पाच मिनिटांत सांगतो. विकत घेणाऱ्याने स्वतः पाहायचे ते आकडे : चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि आरसीवरील क्रमांक तंतोतंत जुळतात की नाही.

आता हिशेब. उदाहरणादाखल एक गाडी ३८,००० रुपयांना घेतली, दुरुस्तीला ३,५०० आणि हस्तांतरणास व इतर किरकोळ बाबींना १,५०० लागले, आणि ती ४९,००० ला विकली, असे धरू. वरकरणी ६,००० उरतात. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या वाहनावर पूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी आणि विक्री यांतील फरकावर कर भरावा लागतो. १६ जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १२ वरून १८ टक्के झाला आहे. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो : फरक ११,००० धरला जातो, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. विक्रीची रक्कम करासह धरली तर सुमारे १,६८० रुपये करापोटी जातात आणि हाती ४,३२० राहतात.

गाडीमागे ४३,००० गुंतत असतील तर चार लाखांत नऊ गाड्या उभ्या राहतात. त्या महिन्यात विकल्या गेल्या तर सुमारे ३८,९०० रुपये. तीन महिने लागले तर तीच रक्कम तीन महिन्यांची, म्हणजे महिना जेमतेम १३,०००. त्यातून जागेचे भाडे आठ हजार गेले की उरलेल्या पाच हजारांत तरुणाने काय करावे? गाडीमागचा नफा वाढवण्यापेक्षा गाडी लवकर काढणे महत्त्वाचे, हे भुसारीतले जुने गणित येथेही तसेच लागू पडते. साठ दिवसांहून अधिक उभी राहिलेली गाडी किंचित नुकसान सोसूनही काढून टाकावी.

माल धरून ठेवण्यात आणखी एक धोका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत ६०,००० असलेली गाडी ७६,८०० ची ७०,८०० झाली. नवीच सहा हजारांनी स्वस्त झाल्यावर जुन्या भावाने भरलेल्या मालाला ग्राहक पूर्वीची किंमत देईल कसा? ज्याच्याकडे चार गाड्या होत्या तो सावरला असेल. पंधरा गाड्या भरून बसलेल्याची पंचाईत झाली असेल.

सर्वांत नाजूक बाब मालकीची. गाडी घ्यायची, सह्या केलेले कोरे नमुने २९ आणि ३० खिशात ठेवायचे आणि पुढचा ग्राहक मिळेल तेव्हा त्याच्या नावावर करायची, ही या बाजाराची जुनी रीत. ती सोयीची वाटते, पण घातक आहे. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वाहन पुढे कितीही हातांत गेले असले तरी अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रश्नात ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक. म्हणजे आपली जुनी गाडी विश्वासाने दुकानात सोडून गेलेला गृहस्थ, ज्याने ती वर्षभर पाहिलेलीही नाही, तो न्यायाधिकरणासमोर उभा राहू शकतो. त्याच गावात दुकान चालवायचे असलेल्याने हा भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे बरे नव्हे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने यावर मार्ग काढला आहे. परिवहन खात्याकडून पाच वर्षांसाठी अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र घेता येते. गाडी ताब्यात आल्याची सूचना नमुना २९-सी द्वारे ऑनलाइन दिली की विक्रेताच मालक मानला जातो आणि जबाबदारीही त्याची होते. अशी गाडी चाचणी, प्रात्यक्षिक, दुरुस्ती अशा ठरलेल्या कामांसाठीच रस्त्यावर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. मित्राला लग्नाला जायला दुकानातील गाडी देणे त्यात बसत नाही. नोंदींचा कंटाळा अनेकांना येतो; रोजमेळ लिहिणाऱ्या घरातील मुलाला तो येऊ नये.

गाडीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तिचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ‘शेवटचा एकच हप्ता राहिला आहे’ हे वाक्य ऐकले की विशेष सावध व्हावे. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. मात्र सुरुवातीच्या चार-सहा गाड्या घरच्या पैशांतून फिरवून, त्यांचे खरेदी-विक्रीचे पुरावे घेऊन बँकेत गेलेल्या अर्जदाराचे काम सोपे होते. व्याज दररोज चढते. गाडी दररोज विकत नाही.

नवशिक्यांचा ग्राहकवर्ग म्हटला की वयाचा प्रश्न येतोच. गियरची मोटारसायकल असो वा एकशेदहा सीसीची स्कूटर, अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज परवाना नाही; सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना पन्नास सीसीपर्यंतच्या विनागियर वाहनापुरताच. दहावी झालेल्या मुलाचे वडील ‘गाडी माझ्या नावावर करा, चालवील तो’ म्हणत दुकानात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. हे त्या वडिलांना शांतपणे सांगावे आणि तरीही ते ऐकत नसतील तर गाडी देऊ नये. नात्यातल्या माणसालाही नकार द्यावा लागेल, आणि तोच कठीण असतो. अशा वेळी मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्यासाठी चांगली गाडी शोधून ठेवण्याचे आश्वासन देऊन त्याचे नाव वहीत लिहून घ्यावे.