मेलेला माणूस पुन्हा जन्माला येतो का?

कोकणात बाळाचा तोंडवळा आजोबांसारखा दिसला की म्हातारी बायामाणसे अजून म्हणतात, "आजाच आला गं पोटी!" आपल्या बौद्धवाड्यांतही म्हणतात. १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. पण गेलेला कुठे गेला, हा प्रश्न कावळ्याबरोबर उडाला नाही.

दापोलीजवळचे वणंद हे माता रमाईंचे माहेर. वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले. पुढे संसारात गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे डोळ्यांदेखत गेली. आता या आईला पूर्वकर्माचा सिद्धांत लावून पाहा. मागच्या जन्मीचे पाप, म्हणून कूस रिकामी! मग घरातले दारिद्र्य, दुखणी, यांचे नावच नको. आपल्या वाडवडिलांना हेच ऐकवले गेले ना, की पाप केलेत म्हणून महाराच्या घरी जन्मलात?

बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते विचारतात, पूर्वकर्माच्या या शिकवणीचा हेतू काय? गोरगरिबांच्या हलाखीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, हाच ना!

पुनर्जन्माच्या प्रश्नाचे त्यांनी दोन भाग केले. पुनर्जन्म कशाचा, आणि कोणाचा? देह पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा बनलेला. मरणानंतर ही तत्त्वे नष्ट होत नाहीत. आकाशातल्या तशाच तत्त्वांत मिसळतात आणि त्यांतून नवा जीव घडतो. मात्र त्यात अनेक मेलेल्यांची तत्त्वे एकत्र आली, तर जन्म झाला खरा, पण तोच माणूस परतला असे म्हणता येत नाही. एका देहातून दुसऱ्यात जाणारा आत्मा तर बुद्धाने मानलाच नाही. राजा मिलिंदाला भन्ते नागसेनांनी दिव्याचा दाखला दिला होता: एका दिव्यावर दुसरा लावला, तरी पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जात नाही. बाळाचे नाक आजोबांचे, ते आईबापांकडून आलेले.

सगळे बौद्ध जग असे मानते, असे मात्र नाही. श्रीलंका, म्यानमारमधले उपासक पुनर्जन्म मानतात, तिबेटी तर लामाचा नवा अवतार शोधायला निघतात. तिकडचे भन्ते आले की आपल्या विहारांत यावरून वाद रंगतो. रंगू द्यावा. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूनेही मरणानंतरचे असेच प्रश्न धरून हट्ट केला होता. बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, हे कळल्याशिवाय तो बाण काढूच देईना.