बाटलीवरचा आकडा आणि मातीतला ट्रक

संपादकांना रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या छंदावर लेख हवा होता, वेग आणि उड्यांसकट. मी मात्र तेलाच्या बाटल्यांपाशीच रेंगाळलो. 1:8 प्रमाणाच्या रेसिंग ट्रकमध्ये, म्हणजे या मंडळींच्या ट्रगीत, सात ठिकाणी सिलिकॉन तेल असतं. चार चाकांचे चार शॉक आणि पुढचा, मधला, मागचा असे तीन डिफ, म्हणजे चाकांना जोर वाटून देणारे डिफरन्शियल. मोटार तीच, टायर तेच, पण या सात जागांचं तेल बदललं की चार किलोंच्या आसपासचा हा ट्रक वेगळाच चालायला लागतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेड कंपनीने 1984 साली रॉजर कर्टिस यांनी रचलेली ‘आरसी10’ बाजारात आणली. ॲल्युमिनियमची चॅसी आणि तेलाचे ॲल्युमिनियम शॉक असलेली ही गाडी खेळणं नव्हती, शर्यतीचं यंत्र होतं. पुढच्याच वर्षी जे हॅल्सीने तिच्यावर जागतिक स्पर्धा जिंकली. तेव्हापासून तेल निवडणं हा रेसरच्या कामाचाच भाग झाला.

शॉक उघडून पाहिला की कारण कळतं. पोलादी दांड्याच्या टोकाला प्लास्टिकचा चपटा पिस्टन, आणि त्याला जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटरची भोकं. चाक वर आलं की पिस्टन तेलात घुसतो आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. स्प्रिंग फक्त ट्रकचं वजन पेलते. तिची उसळी जिरवतं ते हे तेल. पिस्टन सावकाश सरकतो तेव्हा, म्हणजे वळणावर गाडी कलताना, तेलाचा दाटपणा बोलतो. उडीवरून ट्रक आदळतो तेव्हा तेल इतक्या वेगाने भोकांत शिरतं की प्रवाह खवळतो आणि पिस्टन जवळजवळ जागीच अडतो. याला ‘पॅक’ म्हणतात. लहान भोकं आणि पातळ तेल घेतलं तर पॅक लवकर होतो आणि मोठ्या उड्या झेलल्या जातात. मोठी भोकं आणि दाट तेल घेतलं तर खडबडीत पट्ट्यावर चाकं मोकळी हलतात. वळणावर दोन्ही जोड्या सारख्याच वाटू शकतात; फरक उघड होतो तो जमिनीवर आपटताना. म्हणून पिस्टन न सांगता ‘तेल कुठलं घालू?’ असं कुणी विचारलं, तर जाणकार माणूस आधी भोकांचंच विचारतो.

मला खरी भुरळ घातली ती पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या मधल्या डिफने. डिफची खोड अशी की ज्या बाजूला फिरणं सोपं, तिकडे तो जास्त फिरतो. थ्रॉटल दाबला की ट्रकचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि सगळी गती पुढे वाया जाऊन टायर फुग्यासारखे ताणले जातात. ही गळती रोखायला दातेरी चाकांमध्ये काकवीसारखं दाट तेल भरतात. पाण्याचा दाटपणा सुमारे 1 सेंटिस्टोक धरला, तर इथे 5,000 किंवा 10,000चं तेल रोजचंच. ते फार दाट झालं तर जोर चारही चाकांना जातो आणि ट्रक नाक वर करून उलटायला बघतो. भुसभुशीत, निसरड्या मातीवर तर पुढच्या चाकांनी थोडी ताकद वाया घालवणं फायद्याचंच असतं. गाडी हातात राहते. एका घट्ट खोबणीत कोंडलेलं तेल ट्रकचा स्वभाव ठरवतं, हे मला फार सुंदर वाटतं.

अडचणी मात्र बाटलीच्या लेबलापासूनच सुरू होतात. शॉकच्या तेलावर बऱ्याचदा ‘वेट’चा आकडा असतो, आणि एका कंपनीचं 40 म्हणजे दुसरीचंही 40 असेलच असं नाही. टीम असोसिएटेडचं 40 म्हणजे 500 सेंटिस्टोक, 30 म्हणजे 350. म्हणून सेंटिस्टोकच पाहावेत. पण तेही मोजलेले असतात 25 अंशांना. सिलिकॉन तेल इतर तेलांच्या मानाने उन्हाला कमी दबतं, तरी 45 अंशांवर 500चं तेल साडेतीनशेच्या आसपास उतरतं. युरोपातल्या गार हवेतल्या शर्यतीचा सेटअप उतरवून घेऊन कुणी जळगावच्या मे महिन्यात ट्रक पळवला, तर त्याने भरलं 40 आणि चाललं 30, असा प्रकार होतो. चूक मग स्प्रिंगच्या माथी मारली जाते.

डिफमध्ये तर आणखी गुंता आहे. लाखाच्या घरातली तेलं दातांमध्ये जोरात घुसळली गेली की पातळ वागतात, त्यामुळे 2 लाखांच्या तेलाकडून 1 लाखाच्या दुप्पट पकड मिळत नाही. दर 10 अंशांना तेल साधारण एक टक्का फुगतं. काठोकाठ भरलेला डिफ तापला की गॅस्केटमधून गळतो, आणि निम्मं तेल गेलेला डिफ बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून आतल्या आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकंच तेल घालायचं, काट्यावर ग्रॅम मोजून वहीत लिहायचं, आणि पुढच्या वेळीही तितकंच. हवी ती बाटली मिळाली नाही तर शेजारच्या दोन आकड्यांचं तेल मिसळता येतं, पण 300 आणि 500 समसमान घेतल्यावर 400 होत नाही, 390च्या थोडं खाली येतं. शॉक भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे वर येईपर्यंत थांबावंच लागतं. डावा-उजवा शॉक कानाशी धरून दाबला आणि एकात चुळचुळ ऐकू आली, तर तो पुन्हा उघडायचा.